ओळखीचं कोणी नाही

३ फेब्रुवारी, सोमवार

आज ऑफिसात मॅडमनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. म्हणाल्या, हिच्या कामात "माहीत नाही" जवळपास नसतंच, बाकीच्यांनी हिच्याकडून शिका. मी मान खाली घातली. आधी खूश झाले, मग मी खूश झालेली दिसले की काय याची काळजी लागली, आणि उरलेला दिवस त्यातच गेला.

आमचं ऑफिस लोकांची मतं गोळा करतं. कोणासाठी, ते आम्हाला सांगत नाहीत. सांगितलं तर आम्ही नकळत त्या बाजूला झुकून विचारू, म्हणून. टॅबवर प्रश्न येतात, ते जसेच्या तसे वाचायचे, उत्तरावर बोट ठेवायचं, पुढे जायचं. सगळं रेकॉर्ड होतं. या खेपेला थोडं राजकारण आहे, थोड्या मोबाइल-इंटरनेटच्या मोठ्या कंपन्या आहेत आणि शेवटी मूल्यं. सरकार योग्य दिशेने चाललंय का? कंपन्या तुमची माहिती जपून ठेवतात का? आयुष्यात यश मोठं की प्रामाणिकपणा? परक्याच्या घरात धड टेकतही नाही तोवर त्याच्या मनातलं विचारायचं. मला अजूनही दुसऱ्याच्या कपाटात हात घातल्यासारखं वाटतं.

कोणी "माहीत नाही" म्हणालं तर प्रश्न एकदा पुन्हा वाचायचा. तरी तेच म्हणालं तर तेच नोंदवायचं. असा नियम आहे. मी मध्ये एक वाक्य घालते, "काहीतरी वाटतच असेल ना तुम्हाला." आणि थांबते. लोक बोलतात. हे नियमात बसतं का, असं मी स्वतःला रोज विचारते आणि रोज घालतेच.

कॉलेजच्या प्रवेशाला आई बरोबर आली होती. टेबलामागच्या बाईंनी तिला विचारलं, मुलीला कोणत्या शाखेला घालताय. आई म्हणाली, "मला नाही बाई माहीत." त्या बाई शेजारणीकडे बघून हसल्या. तसं काही वाईट हसल्या नव्हत्या. पण तेव्हापासून ते शब्द ऐकले की माझे कान तापतात. समोरच्याला त्यातून बाहेर काढल्याशिवाय राहवत नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

नव्या वसाहतींची वाटणी झाली. माझ्या वाट्याला बाबांची सोसायटी आली. म्हणजे बाबा जिच्या गेटवर वॉचमन आहेत ती. मी शाळेत असताना कधीमधी डबा द्यायला जायचे. कॉलेज सुरू झाल्यावर गेले नाही.

मॅडमनी नेहमीप्रमाणे विचारलं, "तिथे ओळखीचं कोणी?" इस्त्री शेजारीच उभा होता. (माझा जोडीदार. शर्टाला कधी चुणी नसते म्हणून ऑफिसात सगळे त्याला इस्त्री म्हणतात. वडील डॉक्टर आहेत.) मी म्हटलं, "ओळखीचं कोणी नाही."

घरी येऊन नियम पुन्हा वाचला. "निवडलेल्या वसाहतीत राहणारे नातेवाईक किंवा परिचित" असं लिहिलंय. बाबा तिथे राहत नाहीत, आमच्या घरी राहतात. तेव्हा मी खोटं बोलले असं होत नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज गेले. गेटवर एक गंमत झाली.

आम्ही रिक्षातून उतरलो तेव्हा बाबा आडव्या दांड्यापाशी उभे होते. मला बघून तोंडभर हसले. इस्त्रीने विचारलं, "हे ओळखतात का तुला?" मी म्हटलं, "छे, दुसऱ्या कोणासारखी वाटली असेन." बाबा फार लांब नव्हते. पण त्यांनी इतकं छान सांभाळून घेतलं. टोपी नीट केली आणि विचारलं, "कोणत्या बिल्डिंगला जायचंय, मॅडम?" मी बिल्डिंग सांगितली. त्यांनी दांडा वर केला आणि आम्ही आत गेलो तरी जरा वेळ तसाच धरून ठेवला.

संध्याकाळी घरी आल्यावर म्हणाले, "मॅडम, पाय पुसून आत या." आईला काही कळलं नाही, पण ती हसली. मग तिने विचारलं, सोसायटीत सगळ्यांना ओळख करून दिलीत का हिची. बाबा म्हणाले, "हो तर. सेक्रेटरी तर म्हणाले, नशीब काढलंत."

बाबांचं मला कौतुक वाटतं, किती पटकन सुचतं त्यांना. माझी खरी काळजी वेगळीच आहे. आज तीन घरी मी ते वाक्य घातलं, आणि एका घरी तर दोनदा.

८ फेब्रुवारी, शनिवार

आजचा दिवस नीट लिहून ठेवते, कारण मनाला टोचतोय.

दुसऱ्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत. त्यांना सगळ्यावर मत आहे. सरकारचं विचारलं तर आधीच्या चार सरकारांचं सांगितलं. कंपन्यांचं विचारलं तर म्हणाले, सगळे चोर आहेत, आणि त्यातल्याच एका कंपनीच्या फोनवर मला त्यांच्या नातवाचे फोटो दाखवले. पण घरातल्या कोणाला विचारायचं ते टॅब ठरवतो, आणि त्याने निवड केली होती काकूंची. काकू दाराआडून म्हणाल्या, "यांनाच विचारा ना. मला कुठलं काय माहीत." मी त्यांना समोर बसवलं.

सतरावा प्रश्न असा आहे: "चेहरा ओळखून आपोआप उघडणारे फाटक बसवल्यास तुमची वसाहत अधिक सुरक्षित होईल, असे तुम्हाला वाटते का?"

काकू म्हणाल्या, "मला नाही माहीत. वॉचमन आहेत की आपले."

टॅबवर वॉचमनचा पर्याय नव्हता. सहमत, असहमत, माहीत नाही, एवढंच. मी प्रश्न पुन्हा वाचला. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, शाळेत फळ्यासमोर उभं केल्यासारख्या. मला ते बघवेना. म्हटलं, "काहीतरी वाटतच असेल ना तुम्हाला."

"मग होईल म्हणा सुरक्षित. नवीन काढलंय म्हणजे चांगलंच असणार."

मी सहमतवर बोट ठेवलं. काकूंचा चेहरा एकदम उजळला. पास झाल्यासारख्या "बरोबर आलं ना?" म्हणाल्या. मी हो म्हटलं. तसं म्हणायलाही नको होतं, उत्तरं बरोबर किंवा चूक नसतात. त्यांनी पाणी दिलं, तेही मी प्यायले, आणि नियमाप्रमाणे आपण कोणाकडचं काही घ्यायचं नाही. घराघरांत असंच झालं. शेवटचा प्रश्न आई-वडिलांचा मान राखण्याचा आहे. तिथे कोणीच अडखळत नाही. सगळे "खूप महत्त्वाचं" सांगतात.

जाताना बाबांनी इस्त्रीसाठी रिक्षा थांबवली. तो त्यांना "थँक यू, काका" म्हणाला. मी टॅब बॅगेत भरत राहिले.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं. आज आहे.

बाबा कामावरून आले आणि चपला काढायच्या आधीच आईला म्हणाले की सोसायटीच्या फळ्यावर नोटीस लागलीये. गेटवर चेहरा ओळखणारं मशीन बसणार. मशीनवाल्या कंपनीने लोकांची मतं घेतली होती, दहातले आठ जण हो म्हणाले. पुढच्या रविवारी मीटिंगमध्ये नक्की करतील आणि मार्चअखेर वॉचमनांना सुट्टी.

आई म्हणाली, "म्हणजे काढणार?"

बाबा म्हणाले, "आठ जणांना नको असेल तर कशाला बसायचं तिथे."

आवाज चढवला नाही त्यांनी. आधी नोकरीचं बोललेच नाहीत. एकेका बिल्डिंगचं नाव घेऊन, त्यातलं कोण बरं नको म्हणालं असेल, असा विचार करत राहिले. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू तरी तसं म्हणाल्या नसतील, असं म्हणाले.

आईने माझ्याकडे वळून विचारलं, "ही तुमचीच पाहणी का ग?" मी तोंड उघडायच्या आत बाबाच म्हणाले, "तिचा काय संबंध? ती नोकरी करते." आणि हातपाय धुवायला गेले.

प्रश्नात वॉचमन हा शब्द नव्हता, हे मला सांगता आलं असतं. त्यांच्याबद्दल कोणी वाईट बोललं नाही, हेही. पण मग पुढचं सांगावं लागलं असतं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

मॅडमकडे गेले. रात्रभर मनात वाक्यं जुळवली होती. म्हटलं, त्या सोसायटीतली माझी उत्तरं बाद करा, मी लोकांना ढकललं, त्यांना मत नव्हतं.

मॅडमनी रेकॉर्डिंग लावलं. माझा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. गोड, दमाने घेणारा, वरून खाली बोलणारा. टेबलामागच्या त्या बाईंचा आवाज यापेक्षा बरा होता. काकू "वॉचमन आहेत की आपले" म्हणाल्या तेव्हा मी मध्ये एक छोटंसं "हं" केलं होतं. ते मला आठवतही नव्हतं. पुढे जा, असं सांगणारं "हं".

रेकॉर्डिंग संपल्यावर मॅडम म्हणाल्या, "यात काय चुकलंय? लोक लाजतात, तू त्यांना बोलतं केलंस. नव्या मुलांना मी हेच ऐकवते."

हेच ऐकवतात. माझं "हं" नवी मुलं शिकतायत.

मी पुन्हा म्हटलं, बाद करा. त्या जरा वैतागल्या. एखाद्याला वाईट वाटलं म्हणून आकडे बदलत नाहीत, म्हणाल्या. एकाच कारणाने बदलता येतात: विचारणाऱ्याचा तिथे कोणी नातेवाईक निघाला आणि निकालाने त्याचं काही बरं-वाईट होणार असलं, तर त्या वसाहतीची पाहणी आपोआप रद्द होते. आणि अर्थातच विचारणाऱ्याचीही नोकरी जाते, कारण त्याने आधी सांगितलं नाही.

"तसं काही आहे का?"

काचेपलीकडे इस्त्री फोनवर बोलत होता. मी म्हटलं, "नाही." सहज निघालं तोंडातून.

२६ फेब्रुवारी, बुधवार

नोकरी गेली तर घर बाबांच्या पगारावर चालेल. बाबांची गेली तर माझ्या. दोन्हीकडून सारखंच पडतं. मग नाही म्हटलं त्यात एवढं काय, असं सकाळपासून स्वतःला समजावतेय. तरी बाबा डबा भरताना त्यांच्याकडे बघवत नाही. अजून ते इस्त्री केलेले कपडे घालून, वेळेच्या आधी जातात. आज जाताना म्हणाले, "येतो, मॅडम." आई हसली. मी उठून मोरीत गेले.

२ मार्च, रविवार

मीटिंगला गेले. कोणी बोलावलं नव्हतं.

गाड्या लावतात त्या जागेत खुर्च्या मांडल्या होत्या. कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन पुढे बसला होता. बाबा दांड्यापाशी होते. मी एकटीच होते, तरी त्यांनी विचारलं, "कोणाकडे जायचंय?" मी म्हटलं, "बाबा." त्यांनी मागे वळून पाहिलं, कोणी ऐकलं तर नाही ना.

आठचा आकडा सांगून झाल्यावर मी हात वर केला. पाहणी मी केली होती, असं म्हटलं. लोकांना "माहीत नाही" म्हणायचं होतं, मी म्हणू दिलं नाही. मला वाटलं होतं लोक सुटल्यासारखे होतील. उलट चिडले. बँकवाले काका म्हणाले, म्हणजे आम्हाला मतं नाहीत का? आणि काकू, त्याच काकू, सगळ्यांसमोर उठून म्हणाल्या, "मी माझ्या मनानेच सांगितलं होतं. मला कोणी शिकवलं नाही." मान ताठ होती त्यांची. त्यांच्याकडून ते मत परत मागायचा मला काय अधिकार?

सेक्रेटरी म्हणाले, ठीक आहे, बाई, आणखी काही? शांतपणे म्हणाले. मी म्हटलं, "ही पाहणी मुळातच चालत नाही. तुमचे वॉचमन माझे वडील आहेत."

सगळे गेटकडे वळले. सेक्रेटरींनी हाक मारली, "काका, ही तुमची मुलगी?"

बाबांनी टोपी काढून हातात घेतली. माझ्याकडे पाहिलं, माझ्या गळ्यातल्या ऑफिसच्या रिकाम्या पट्ट्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "नाही, साहेब. पाहणीला आल्या होत्या, तेवढंच."

हशा पिकला. कोणीतरी म्हणालं, आजकालच्या मुलींना पुढारी व्हायची घाई. कंपनीचा माणूसही हसला.

पट्ट्याचं कार्ड माझ्या पर्समध्ये होतं. येताना मीच काढून ठेवलं होतं, ऑफिसचं नाव नको म्हणून. त्यावर माझ्या नावापुढे बाबांचं नाव आहे आणि मग आडनाव. पर्सची चेन उघडायची आणि ते वर धरायचं, इतकंच होतं. मी चेनवर हात ठेवून उभी राहिले. मग बाहेर आले. बाबांनी दांडा वर केला.

३ मार्च, सोमवार

ऑफिसला गेले नाही. बरं नाही म्हणून कळवलं.

बाबा काल घरी येऊन एवढंच म्हणाले की बरं झालं, वॉचमन कुठेही लागतात, तुझ्यासारखी नोकरी कुठे मिळते. मीटिंगने मशीन पास केलं. मग बाबा बाजूच्या इमारतींत विचारायला गेले, जागा आहे का म्हणून.

आज दुपारी आईला सांगितलं. ती पिशव्या शिवत होती. सतराव्या प्रश्नापासून सुरुवात केली, माझ्या त्या वाक्याचं सांगितलं, रेकॉर्डिंगचं, काकूंचं. आई मशीन चालवतच ऐकत होती. खरं तर ऐकत नसावी. मग मी म्हटलं, बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, ही माझी मुलगी नाही.

मशीन थांबलं.

"असं कसं म्हणाले ते?"

माझी नोकरी वाचावी म्हणून, मी म्हटलं. मग तिला गेटवरचंही सांगावं लागलं. इस्त्री, टोपी, "कोणत्या बिल्डिंगला जायचंय, मॅडम". ते मी गंमत म्हणूनच सांगायला लागले होते.

आईने विचारलं, "मग आधी कोण म्हणालं?"

मी शिवून झालेल्या पिशव्या मोजायला लागले.

"तुला विचारतेय. ओळखत नाही असं दोघांत आधी कोण म्हणालं?"

"मी."

ती मला रागावली नाही. शिवत असलेली पिशवी उलटी करून बघत बसली. जरा वेळाने म्हणाली, "आणि मला येऊन सांगितलं, सेक्रेटरींनी कौतुक केलं म्हणून." ते बाबांना उद्देशून होतं, ते घरात नव्हते तरी.

इतके दिवस मी या वहीत पाण्याच्या ग्लासाचं लिहिलंय.

४ मार्च, मंगळवार

सकाळी सेक्रेटरींच्या घरी गेले. पहिला मजला. ते दाढी करत होते. मी कार्ड टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, यावरचं मधलं नाव तुमच्या वॉचमनचं आहे.

त्यांनी वाचलं. मग बायकोला विचारलं, "आपल्या वॉचमनचं पूर्ण नाव काय ग?" तिला माहीत नव्हतं. इंटरकॉम केला, खालून बाबांना वर बोलावलं.

बाबा दारात उभे राहिले, आत आले नाहीत. टेबलावरचं कार्ड त्यांना दिसलं. सेक्रेटरी साबण लावलेल्या तोंडाने म्हणाले, "काका, पूर्ण नाव सांगा तुमचं." बाबांच्या डोळ्यांत मला दिसलं की ते दुसरं कोणतंतरी नाव शोधतायत.

मी म्हटलं, "साहेब, त्यांना विचारू नका. हे माझे बाबा आहेत. मी पहिल्याच दिवशी गेटवर यांना ओळखत नाही म्हटलं, म्हणून ते परवा तसं बोलले. तुमच्याकडे पाहणीला आले तेव्हा ऑफिसलाही मी खोटं सांगितलं होतं."

सेक्रेटरी चिडले, माझ्यावर आणि बाबांवरही. सगळं पहिल्यापासून करावं लागणार, पुन्हा मीटिंग, कंपनीला काय सांगू. तुमच्या ऑफिसला आजच फोन करतो, म्हणाले. मी मॅडमचा नंबर कागदावर लिहून दिला. पुन्हा विचारल्यावर लोक काय सांगतील, कोणास ठाऊक. काकू तर आता सहमतच म्हणतील.

आम्ही दोघं खाली यायला निघालो. मला वाटलं होतं बाबा काहीतरी बोलतील, निदान रागावतील. जिन्यात ते माझ्या मागे राहिले, थोडं अंतर ठेवून. इथल्या लोकांबरोबर ते तसेच चालतात. ते बरोबरीला यावेत म्हणून मी थांबले.

तेही थांबले.